आठ मोजेपर्यंत पुतळा

माझी मुलगी नाच करते असं सांगितलं की लोक विचारतात, भरतनाट्यम की कथक? मी म्हणते, तसलं काही नाही. मग विचारतात, पिक्चरमधल्यासारखा का? तसलाही नाही म्हटलं की गप्प होतात आणि मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्यासारखं माझ्याकडे बघतात. या नाचाला कंटेम्पररी म्हणतात. त्यात घुंगरू नसतात, बऱ्याचदा गाणंही नसतं, आणि मागच्या वर्षी तिने जो बसवला त्यात तर नाचही फारसा नव्हता. पाच मुली लाकडी चौथऱ्यांवर पुतळ्यांसारख्या उभ्या राहणार, मग खेळाडूंसारख्या झेपावणार, मग जिथे असतील तिथे पुन्हा पुतळा. पन्नास मिनिटं हेच. हे ऐकल्यावर मी विचारलं, "उभं राहून अंग गार पडल्यावर कोण गं झेपावतं?" ती म्हणाली, "आई, आधी पूर्ण ऐकून घेशील का?" पूर्ण ऐकून घेतलं. त्यानंतर चार महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी माणिकपूरच्या एका शाळेत खेळ शिकवते, मुख्यतः मुलींची कबड्डी. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या मैदानावर एकच कडक हुकूम आहे. कुणाचा पाय चुकीचा पडतोय असं दिसलं की मी एक टाळी वाजवते आणि ओरडते, "खाली!" की सगळ्यांनी, जिथे असाल तिथे, खाली बसायचं. कारण विचारायचं नाही, "टीचर, पण" म्हणायचं नाही. अंग खाली गेलं की गुडघ्यावरचा पीळ सुटतो. या एका हुकमावर मी सत्तावीस वर्षांत एकाही मुलीचा गुडघा जाऊ दिलेला नाही. हा माझा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा स्वतःचा गुडघा मात्र बाविसाव्या वर्षी गेला. डावा. जिल्ह्याचा सामना होता, मी चढाईवर होते, परत वळताना पाऊल जमिनीत रोवलेलं राहिलं आणि वरचं अंग फिरलं. आत भेंडी मोडल्यासारखा आवाज झाला. तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावात गुडघ्याची ऑपरेशनं कुणाला ठाऊक नव्हती. दवाखान्यात प्लास्टर घातलं, ते निघाल्यावर हाडवैद्याने लेप लावले, आणि मी खेळायची ती शिकवायला लागले. अजूनही जिना उतरताना कठडा धरते. पावसाळ्यात तो गुडघा माझ्याशी बोलतो आणि काही चांगलं बोलत नाही.

आता आमच्या ह्यांचं सांगते, कारण या सगळ्याचं मूळ त्यांच्याकडे आहे. हे कोकणातले. लहानपणी मामाच्या कारखान्यात गणपतीची माती मळली आणि पुढे हात वळला तो ट्रॉफ्यांकडे. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात हे काम करतात. ट्रॉफीच्या टोकावर जी सोनेरी प्लास्टिकची बाहुली असते ना, फलंदाज, धावपटू, पंखवाली बाई, तिची मूळ आकृती मातीत घडवणारा माणूस म्हणजे हे. तिच्यावरून साचा बनतो आणि साच्यातून ढिगाने बाहुल्या निघतात. त्यांच्या कलेचे नियम दोन. बाहुली साच्यातून अलगद सुटली पाहिजे, आणि तिच्या तळपायात स्क्रू सरळ बसला पाहिजे. बाकी खेळाडू खरंच तसा उभा राहतो की नाही, हा प्रश्न गोखिवऱ्यात कुणी विचारत नाही.

माझ्या शाळेच्या कपाटात मुलींच्या कबड्डीच्या अकरा ट्रॉफ्या आहेत. सातांवर फलंदाज आहे. दोनांवर पंखवाली बाई. एकीवर बॅडमिंटन खेळणारा गृहस्थ. आणि एका वर्षी तर आयोजकांना दुकानात दुसरं काही मिळालं नाही म्हणून माझ्या मुलींना दंड फुगवलेला, लंगोट घातलेला बॉडीबिल्डर मिळाला. कॅप्टन ट्रॉफी उचलायलाच तयार होईना. मीच उचलली आणि फोटोत त्याच्यावर हात ठेवला. मी लग्नापासून ह्यांना सांगते आहे की चढाई करणारी एक बाई घडवा. हे शांतपणे म्हणतात, "तिला डिमांड नाही." एवढी वर्षं एकाच छपराखाली राहून एका माणसाने बायकोचा खेळ मातीत उतरवू नये, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आमची मुलगी या बाहुल्या खेळतच मोठी झाली. ज्यांचा हात अर्धवट आला, नाक बसलं, त्या हे पिशवीतून घरी आणायचे. तिच्या भातुकलीत जेवायला गोळाफेकवाला यायचा. त्यामुळे ट्रॉफीवरची माणसं उतरून खाली आली तर काय करतील, हा नाच तिला सुचला यात नवल नव्हतं. कल्पना चांगली होती, हे मलाही तेव्हा पटलं होतं. बोलून दाखवलं नाही एवढंच, कारण बोलून दाखवलं की ती पुढचं काही विचारत नाही.

सोबतीला तिने डान्सर मुली घेतल्या नाहीत. "त्या पडतानासुद्धा छान पडतात. मला खऱ्या खेळाडू हव्यात," असं म्हणाली आणि माझ्याच शाळेतून बाहेर पडलेल्या, आता कॉलेजात असलेल्या कबड्डीच्या चार पोरी उचलल्या. मला न विचारता. पोरी मात्र खूश. दहा वर्षं मातीत लोळल्यावर कुणीतरी त्यांना स्टेजवर बोलावत होतं. मी मुख्याध्यापिकांच्या हातापाया पडून शाळा सुटल्यावर हॉल मिळवून दिला आणि रोज दोन तास कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू लागले. देखरेखीला, असं मी म्हणत होते. मुलगी म्हणत होती, पोलीस चौकी.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. बॅट नसलेले फलंदाज, भाला नसलेले भालाफेके, सगळ्या स्तब्ध. हे सुट्टीच्या दिवशी येऊन पोरींच्या भोवती फिरायचे आणि "खांदा जरा मागे, हनुवटी वर," असं मातीला सांगावं तसं सांगायचे. आपली बाहुली पाच फुटांची होऊन घाम गाळते आहे हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग तिने ती उडी आणली.

ती अशी होती. शेवटाकडे चारही पोरी खाली उतरून चौघीजणी चार बाजूंना उभ्या असतात. मुलगी एकटी मधल्या उंच चौथऱ्यावर. चौथरा माझ्या कमरेएवढा. तिथून ती झेप घेते, हवेत अंग उजवीकडे फिरवते, आणि खाली डाव्या पायावर उतरते. एकट्या डाव्या पायावर. उजवा पाय मागे ताणलेला, हात भाला फेकल्यासारखा. आणि उतरल्या क्षणी पुतळा. मनात आठ मोजेपर्यंत हलायचं नाही. या जागी संगीतही बंद. "पुतळ्याला कशाला म्युझिक?" असं तिचं म्हणणं.

पहिल्यांदा तिने ती मारली तेव्हा मी खुर्चीतून उठले. तिचं पाऊल नाकासमोर सरळ पडलं होतं आणि गुडघ्याच्या वरचं सगळं अंग उजवीकडे वळलेलं. मी टाळी वाजवून "खाली!" म्हटलं. चार पोरी जागच्या जागी बसल्या. मुलगी बसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, ही प्रॅक्टिस आहे, पीटीचा तास नाही."

मी तिला समजावलं. नीट, शांतपणे, निदान सुरुवातीला तरी. म्हटलं, खेळताना अंग वळलं की पाऊल त्याच्याबरोबर वळतं, टाच उचलली जाते, बोटं त्या दिशेला जातात. पाऊल रोवून अंग फिरवणं म्हणजे कपडा पिळणं, आणि पिळला जातो तो गुडघा. वर तू त्यातच थांबतेस. खेळाडू थांबत नाही गं, त्याचा जोर पुढच्या पावलात निघून जातो. तू तो जोर कुठे घालवणार?

"तेच तर दाखवायचंय," ती म्हणाली. "तो जोर कुठेच जात नाही. आत राहतो. म्हणून तर ते शिल्प आहे."

"शिल्प आहे, पण गुडघा तुझा आहे."

"पाऊल सरळच हवं. बाबांच्या भालाफेकवाल्याचं सरळच आहे."

मी त्या दिवशी घरी येऊन शोकेसमधला भालाफेकवाला काढला. खरंच, पाऊल सरळ. अंग पार फिरलेलं आणि पाऊल फूटपट्टीने आखल्यासारखं समोर. मी ह्यांच्या पुढ्यात आदळला. म्हटलं, हा काय प्रकार आहे? हे चष्मा लावून बघू लागले. म्हणाले, "पाऊल वळवलं तर स्क्रूचं भोक तिरपं येतं. मग बाहुली बैठकीवर कलते." म्हणजे बघा, गोखिवऱ्यातला एक स्क्रू सरळ बसावा म्हणून माझ्या पोटच्या पोरीने गुडघा पिळायचा. मी मुलीला हाक मारली आणि म्हटलं, "नीट बघ. या माणसाला गुडघा नाहीच आहे. स्क्रू आहे." ती हसली. हे पण हसले. मी एकटीच हसले नाही, कारण मी विनोद करत नव्हते.

पुढचे अडीच महिने म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सांगायचं आणि तिने मान हलवायची. बोटं बाहेर वळव, सांगितलं. म्हणाली, बघू. दोन्ही पायांवर उतर. म्हणाली, मग ती बेडूकउडी होईल. खाली गादी घालते, म्हटलं. म्हणाली, "आई, पुतळा गादीवर उतरतो का?" चौथरा अर्धा कर, म्हटलं, तर हे मध्येच बोलले की कमी उंचीवरून आकृती उठून दिसत नाही. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा अर्धा टाकून गाळ्यावर निघून गेले. मी ओळखीच्या डॉक्टरांना घरी जेवायला बोलावलं आणि बोलता बोलता गुडघ्याच्या आतल्या दोरीचा विषय काढला. डॉक्टरांनी कोळंबीचं कालवण खाल्लं, विषय चांगला समजावला, आणि जाताना मुलीला म्हणाले, "बाकी तुझा फिटनेस उत्तम आहे." झालं. तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

एकदा मी तिला माझा गुडघा दाखवला. साडी वर करून, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून. डावा अजूनही उजव्यापेक्षा जाड आहे, आणि मांडी त्याच्यावर बारीक. म्हटलं, हे बावीस वर्षांच्या मुलीचं झालं. तू चोवीसची आहेस. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, लागला बाण. मग तिने बोटाने माझ्या गुडघ्याची वाटी हळूच चाचपली आणि विचारलं, "आई, तू पडलीस तेव्हा हात कुठे होते तुझे?" मी साडी खाली केली आणि उठून गेले. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या पोरीला सगळ्यातून नाचच दिसतो.

तेव्हापासून मी हॉलमध्ये जाणं बंद केलं. जिथे आपलं कुणी ऐकत नाही तिथे खुर्ची कशाला अडवा. शेवटचा महिना मी एकही तालीम पाहिली नाही. पण शाळा सुटल्यावर रोज हॉलच्या भिंतीपलीकडे स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायचे, आणि दर पंधरावीस मिनिटांनी धप्प असा आवाज आला की माझं पेन थांबायचं. मग पुढचा आवाज येईपर्यंत जीव टांगणीला. पुन्हा धप्प आला म्हणजे मधल्या वेळात ती उठून चौथऱ्यावर चढली, म्हणजे गुडघा शाबूत. अशा रीतीने मी त्या महिन्यात शारीरिक शिक्षणाचे सहामाहीचे पेपर तपासले. पोरींना मार्क बरे पडले असतील.

प्रयोग रविवारी संध्याकाळी पाचला होता, स्टेशनापासून जवळच्या एका छोट्या सभागृहात. माझ्या माहेरहून वहिनी आली होती, दोन सुना घेऊन, पिशवीत सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली गोड केळी. वहिनीने माझी कबड्डी पाहिलेली नाही, ती नंतर लग्न होऊन आली. पण भाचीचा नाच म्हणून केसात गजरा माळून पहिल्या घंटेला हजर. तिसऱ्या रांगेत मी मध्ये, एका बाजूला हे, एका बाजूला वहिनी. पडदा वर गेला. पाच चौथऱ्यांवर पाच पोरी, अंगभर सोनेरी रंगाचे कपडे, स्तब्ध. एक मिनिट गेलं. दीड गेलं.

वहिनी माझ्या कानाला लागली. "ताई, ह्या पोरी हलनार कवा?"

"हलतील."

"लाईट गेली का काय?"

"वहिनी, असंच असतं ते."

वहिनीने पोक्तपणे मान डोलावली आणि सुकेळ्यांचा कागद उलगडला. त्या शांत सभागृहात तो कागद असा वाजला की पुढच्या रांगेतली एक बाई वळून बघू लागली. मुंबईहून कुठल्याशा नाट्यमहोत्सवासाठी प्रयोग निवडायला आलेली पाहुणी ती हीच, असं ह्यांनी मला कोपराने सांगितलं. मी वहिनीच्या हातातून सुकेळं काढून घेतलं.

मग पोरी हलल्या. आणि खरं सांगते, चांगल्या हलल्या. माझ्या चार पोरींना मी दहा वर्षं बघत आले होते, पण त्या झेपावून मध्येच थांबल्या की मला कळेना, मी या पोरींना आजवर नीट बघितलं होतं का. एकीने पाय पकडायला घातलेला हात तसाच हवेत ठेवला, बोटं फाकलेली, आणि त्या हातात मला तिची सगळी भूक दिसली. मैदानावर हे दिसत नाही. तिथे गुण दिसतात. ह्यांनी रुमाल काढला. वहिनी सुकेळं विसरली. मी पण विसरले असते, पण माझं लक्ष मधल्या चौथऱ्यावर होतं. तो त्यांनी अर्धा केला नव्हता. उलट मला तर चार बोटं उंचच वाटला.

चार पोरी खाली उतरल्या. चार बाजूंना उभ्या राहिल्या. संगीत बंद झालं. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. माझी मुलगी वर एकटी. तिने गुडघे वाकवले, दोन्ही हात मागे नेले, आणि तिच्या मांडीचा स्नायू थरथरताना मला तिसऱ्या रांगेतून दिसला. ती सुटली. हवेत वळली.

मी काय केलं ते मला कळलंच नाही असं म्हणायची सोय नाही. मला कळत होतं. मी उभी राहिले, टाळी वाजवली, आणि सत्तावीस वर्षं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणाऱ्या आवाजात ओरडले, "खाली!"

चारही पोरी बसल्या. स्टेजवर, सोनेरी कपड्यांत, साडेतीनशे लोकांसमोर, त्या माझ्या हुकमाला मान देऊन जागच्या जागी बसल्या. मागे दाराजवळ माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी उभ्या होत्या, एकीच्या कडेवर मूल होतं. त्याही तिथेच फरशीवर बसल्या, हे मला नंतर कळलं.

माझी बसली नाही. ती डाव्या पायावर उतरली. उतरताना तिची मान माझ्या बाजूला वळली, अगदी किंचित, बोटभर. मी ते पाहिलं. मग तिने ती मान ओढून परत आणली, दोरीने जनावर आणावं तशी, आणि पुतळा झाली. मी तिच्या पावलाकडे बघितलं. पाऊल सरळ नव्हतं. टाच उचललेली, बोटं उजवीकडे, अंगाच्या दिशेने. मी सांगत होते तस्सं. माझा आवाज पोचण्याआधीच ते वळलेलं होतं. कधी बदललं तिने ते, मला कुणी सांगितलं नाही, आणि मी शेवटचा महिना भिंतीपलीकडे बसून फक्त धप्प ऐकत होते. ती आठ मोजेपर्यंत उभी राहिली. चार बसलेल्या पोरींच्या मधोमध एकटी उभी. मीही मोजत होते.

मग टाळ्या पडल्या. अशा पडल्या की मला वाटलं, आता थांबतील, आता थांबतील, आणि थांबेनातच. लोकांना वाटलं, ते नाचातलंच आहे. पडदा पडल्यावर ती मुंबईची पाहुणी आमच्याकडे आली आणि ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, तो आवाजाचा क्षण फार धाडसी आहे, सगळ्या जगाने खाली बस म्हणावं आणि एकीने बसू नये, प्रेक्षकांतून आलेला तो आवाज कुणाचा? हे म्हणाले, "आमच्या मिसेसचा." एवढ्यावर न थांबता पुढे म्हणाले, "घरी रोज असतो." पाहुणी खळखळून हसली. वहिनी मला म्हणाली, "ताई, तुझा पन पार्ट व्हता तं आदी सांगायचं ना. मी चांगली साडी नेसून आले असते." मी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

सभागृहामागे पाण्याची टाकी आहे, तिच्या कट्ट्यावर मी बसले. त्या सगळ्या सभागृहात एका मलाच ठाऊक होतं की मी काय केलं होतं.

माझा गुडघा कशामुळे गेला हे मी कधी कुणाला खरं सांगितलेलं नाही. सगळ्यांना सांगत आले की जमीन खराब होती. जमीन चांगली होती, त्यांनी आदल्या दिवशीच रोलर फिरवला होता. त्या सामन्याला माझे बाबा आले होते. पहिल्यांदाच. त्यांनी मला खेळायला कधी अडवलं नाही, पण भातशेती आणि वाडीतून त्यांची सुटका नसायची, आणि खेळातलं त्यांना काही कळतही नव्हतं. मी चढाईवर होते, परतायला वळत होते, आणि मागून तिघीजणी माझ्यावर येत होत्या. येणारच, तो खेळच आहे. पण बाबांना वाटलं, या माझ्या पोरीला चेंगरतायत. त्यांनी माझं घरचं नाव घेऊन जिवाच्या आकांताने हाक मारली. मी वळून बघितलं. पूर्ण वळले मी, बोटभर नाही. पाऊल तिथेच राहिलं.

त्यांनीच मला उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात ते माझ्या पायाशी बसून होते, डोक्यावरचा टॉवेल हातात पिळत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "माजा आवाज आला का गं तुला?"

मी म्हटलं, "नाय, बाबा. लोकांचा गोंधळ किती होता. मला काय ऐकूच नाय आलं. जमीनच खराब होती."

ते म्हणाले, "मंग जमिनीला कोन काय करनार." आणि टॉवेल झटकून डोक्याला बांधला. पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला समाधान होतं की मी त्यांना त्या ओझ्याखाली राहू दिलं नाही.

मुलगी मला शोधत मागे आली. तोंडावरचा सोनेरी रंग घामाने ओघळला होता. माझ्याजवळ येऊन कट्ट्यावर बसली आणि डावा पाय लांब केला. मी तिचा गुडघा दाबून बघितला. वाटी, दोन्ही बाजू, मागची शीर. सगळं जागेवर होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "मी ओरडायला नको होतं."

"तू ओरडलीस?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता बुटाची नाडी सोडत होती. "मला काहीच ऐकू नाही आलं. म्युझिक केवढं मोठं होतं."

त्या उडीला संगीत नव्हतं. तिनेच ठेवू दिलं नव्हतं. मी तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिले. मग म्हटलं, "हो ना. फारच मोठं होतं."

ती उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि कट्ट्यावरून उतरायला मला हात दिला. बत्तीस वर्षं मी समजत होते की बाबांना माझं खरं वाटलं होतं.